रुतलेल्या गाड्या आणि सलीमभाईंचा संशय

रुतलेली गाडी बाहेर काढली की चिखल धुऊन जातो, किस्सा मात्र चिकटून राहतो! इतकी वर्षं लोकांच्या गाड्या ओढून ओढून आमच्याकडं असे किस्से एवढे साचलेत की विचारू नका. रविवारी धारूरच्या घाटाखाली टपरीवर चहाला बसलो की एकानं सुरू करायचं आणि बाकीच्या तिघांनी 'असं न्हाई झालतं!' म्हणत दुरुस्त करत बसायचं. आज ते तिघं इथं नाहीत. त्यामुळं मी सांगतो तेच खरं!

आम्ही चौघं, आणि आमच्या चार जुन्या फोर बाय फोर जीप. मी माजलगावात चष्म्याचं दुकान चालवतो. विश्वनाथअप्पांचं धारूरला हार्डवेअरचं दुकान. कपाळाला भस्माचे पट्टे, आणि जगातला प्रत्येक माणूस चांगलाच असतो असा ठाम विश्वास. मनीषाताई नेकनूरच्या, जनावरांच्या डॉक्टर. डोंगरातल्या वस्तीवर गाय अडली की त्यांची जीप निघाली. आणि चौथे सलीमभाई, बीडचे फळांचे व्यापारी. सीताफळाच्या दिवसांत बालाघाटाचा डोंगर पालथा घालणारा माणूस.

या सलीमभाईंचा कशावरच विश्वास नाही. दोरावर नाही, हुकावर नाही, झाडावर नाही, आमच्यावर तर नाहीच नाही! पण खरं सांगतो, आमच्या या उद्योगात तोच गुण कामाला येतो. गाडी रुतणं हे संकट नसतं. रुतलेली गाडी घाईनं ओढणं हे संकट! ताणलेल्या दोरात केवढा जोर भरलाय ते डोळ्याला दिसत नाही. तुटला की दिसतं. पण तेव्हा बघायला आपण असू, याची गॅरंटी कोण देणार?

*

एकदा आम्ही शॅकल घ्यायला मोठ्या शहरात गेलो होतो. शॅकल म्हणजे दोर आणि गाडी जोडायची, घोड्याच्या नालासारखी जाडजूड लोखंडी कडी. तिला आडवी पिन असते. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक चकचकीत कडी काढली.

"एकदम ओरिजिनल, साहेब. किती वजन झेपतं ते वरच लिहिलंय."

सलीमभाईंनी कडी हातात घेतली. वास घेतला. हो, वास! मग म्हणाले, "लिवलं म्हंजी खरं का? माझ्या टेम्पोच्या मागं 'वाऱ्याची राणी' लिवलंय. घाटात सायकलवाला मागं टाकतो तिला!"

दुकानदार हसला. सलीमभाई नाही हसले. त्यांनी अंगठ्याच्या नखानं तो आकडा खरवडायला सुरुवात केली. चांगल्या कडीवर आकडा लोखंडातच उठवलेला असतो, तो मरेपर्यंत जात नाही. इथं मात्र शेवटचा शून्य सोलून नखात आला!

सलीमभाईंनी तो शून्य दुकानदाराच्या काउंटरवर झटकला आणि शांतपणे विचारलं, "दहापट ताकद तर हितंच गेली. अजून खरवडू का?"

*

मनीषाताईंचा हा किस्सा सिंदफणेच्या पात्रातला.

एका कंत्राटदाराची नवीकोरी गाडी वाळूत बसली होती. ताई वस्तीवरून परत येताना थांबल्या. त्यांनी आधी गाडीला सगळीकडून बघून घेतलं. पुढं खाली एक बारीक कडं होतं. ताई म्हणाल्या, "हे ट्रकवर गाडी बांधून न्यायचं कडं आहे, ओढायचं नाही. ओढायचा हूक वेगळा असतो, टूलकिटमध्ये. तो बंपरमधल्या भोकातून आत घालून पिळायचा, म्हणजे जोर सरळ चॅसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर येतो. टूलकिट कुठंय?"

"घरी काढून ठेवली. लई खडखड वाजती."

"मग घरून आणवा. तोवर आपण चाकापुढची वाळू काढू."

कंत्राटदाराला संशय आला. या बाईला मदत करायचीच नाही, नुसता वेळ काढायलीय! तो म्हणाला, "ताई, तुमी जनावराच्या डॉक्टर ना?"

"म्हणूनच सांगतेय. बैलाचं दावं शेपटीला बांधत नाहीत."

पण ऐकतो कोण! त्यानं फोन करून ट्रॅक्टर बोलावला आणि साखळी थेट बंपरला गुंडाळली. ताईंनी एकच काम केलं. जमलेली सगळी माणसं हाताला धरधरून लांब काठावर नेऊन उभी केली.

ट्रॅक्टरवाल्यानं स्पीकर फुल लावलेला. त्यानं क्लच सोडला, हिसका बसला, कडाड् आवाज झाला, आणि आली वाटतं मोकळी, असं समजून गडी मागं न बघता गाणं ऐकत निघून गेला!

गाडी जागेवरच होती. बंपर तेवढा माजलगावच्या वाटेला लागला. आणि त्याच्या मागं पांढऱ्या कपड्यातला कंत्राटदार, "आरं थांब बे! थांब बे!"

*

आता माझी फजिती.

धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागं तुंबलेलं पाणी, उतरला की काठाला मऊ गाळ उघडा पडतो. वरून भाकरीसारखा वाळलेला दिसतो, आत लोणी! तिथं पुण्याच्या पासिंगची एक गाडी रुतलेली दिसली. दारं उघडी, माणूस कुणी नाही. मी म्हटलं, मालक येईपर्यंत आपण पुण्याचं काम करून ठेवू. अशा जागी सगळ्यात आधी चाकातली थोडी हवा कमी करायची. टायर पसरतं, पकड वाढते, निम्म्या गाड्या दोराला हात न लावताच निघतात. मी खाली बसलो, वॉल्व्हची पिन दाबली. फुस्स्स...

"ओ काका! काय करताय?"

फोटो काढायला गेलेली चार पोरं-पोरी पळत आली.

"चाकाची हवा सोडतोय," मी म्हणालो. इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही!

एकानं माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला. एकानं माझा काढला. एक मुलगी मैत्रिणीला हळूच म्हणाली, "बघ ना, दिसायला किती सभ्य आहे!"

मी समजावलं. पटेना. शेवटी म्हणालो, "बाकीच्या चाकांचीही सोडू द्या. गाडी निघाली नाही तर पोलीस स्टेशनला मीच तुम्हाला घेऊन जातो."

गाडी दोन हेलकावे खाऊन अलगद बाहेर आली. आता पोरं खूश! पण अशा ढिल्या टायरवर डांबरीवर जोरात पळवणं धोक्याचं, म्हणून मी माझ्या जीपमधला पंप काढला आणि हवा भरायला बसलो. ती मुलगी माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

"काका, नक्की हवाच भरताय ना?"

*

ओढताना इशारा हातानंच करायचा, तोंडानं नाही, हे आम्ही कुठं वाचून शिकलो नाही. विश्वनाथअप्पांच्या फोननं शिकवलं.

मनीषाताईंच्या जीपला पुढं विंच आहे. म्हणजे मोटरवर फिरणारा रहाटच, बटण दाबलं की दोर गुंडाळत जातो. समोर ओढ्यात सलीमभाईंचा टेम्पो बसलेला. ताई रिमोट घेऊन जीपच्या दाराआड, मी टेम्पोपाशी हूक लावतोय, आणि इशारा करायला मध्ये उंचावर अप्पा. मी हातमोजे घातले होते, पण हूक अजून कडीत नीट बसला नव्हता.

तेवढ्यात वरून अप्पांचा आवाज आला. "ये, ये. ये की! भिऊ नको, ये!"

ताईंनी बटण दाबलं.

दोर सळकन ताणला. माझी बोटं हूक आणि कडीच्या मध्ये! मी हात हिसकला. हात आला, मोजा तिथंच राहिला आणि कडीत चेंगरून भाकरीसारखा चपटा झाला. "बंद!" सलीमभाई असे ओरडले की पलीकडचा माणूस शेळ्यांची राखण सोडून पळत आला. ताईंनी बटण सोडलं.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. अप्पा आमच्याकडं पाठ करून उभे. कानात इअरफोन. समोर लेकीचा फोन!

सलीमभाईंनी वर जाऊन इअरफोन उपटला आणि फोन काढून घेतला. त्यातून लेकीचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"अप्पा, पंचमीला येऊ का नको येऊ? एकदाच काय ते सांगा!"

*

सलीमभाईंच्या गोधडीशिवाय हे पुराण पुरं होत नाही.

धारूरच्या डोंगरात माझी जीप एका घळीत अडकली होती. विंचचा दोर लावला. दोर ताणायच्या आधी सलीमभाईंनी गाडीतून जाडजूड गोधडी आणली आणि दोराच्या मधोमध पसरली. दोर तुटलाच तर त्याचं टोक हवेत सुटण्याऐवजी त्या वजनानं खाली पडावं म्हणून.

अप्पा हसले. "सलीमभाई, दोराला थंडी वाजायलीय का?"

"अप्पा, तुमी आदी तितून हला."

"हितं सावली हाय की."

"सावली काय, कायमची मिळंल!"

अप्पा कुरकुरत लांब, माझ्या मागच्या खडकाआड येऊन उभे राहिले. विंच सुरू झालं. जीप हलली, वर आली, आणि दोर एका कपारीवर घासला. बंदूक उडाल्यासारखा आवाज! तुटलेलं टोक गोधडीला घेऊन धाडकन खाली आपटलं. अप्पा मघाशी उभे होते, त्या सावलीच्या अगदी अलीकडं. गोधडी अर्धी फाटली होती.

अप्पांनी त्या जागेकडं बघितलं. मग खाली बसले, "शिव शिव" म्हणाले आणि पाणी मागितलं. त्या दिवशी परत कुणी विनोद केला नाही.

विनोद सलीमभाईंच्या घरी झाला! शबानाभाभींनी फाटकी, मातीनं भरलेली गोधडी बघितली.

"ही कुठं गेलती?"

"डोंगरात. दोरावर टाकलती."

"दोरावर? डोंगरात कोन वाळत घालतं गोधडी?"

सलीमभाईंनी खूप सांगितलं. भाभींना पटेना. दुसऱ्या दिवशी ते अप्पांना घेऊन घरी गेले. अप्पांनी देवाची शपथ घेऊन सगळी हकीकत सांगितली, आवाजाची नक्कलसुद्धा केली. भाभींनी दोघांना चहा दिला, पदर सावरला आणि म्हणाल्या,

"गवाह बी संगं आनलाव? म्हंजी कायतरी काळंबेरं नक्की हाय!"

*

पण संशय नेहमी बरोबर ठरतो असंही नाही हं. एकदा चिखलात रुतलेल्या गाडीलाच विंच होतं, त्याचा दोर बांधायला झाड हवं होतं. सलीमभाईंनी एका लिंबाला ठोकून बघितलं. "आतून पोकळ." बाभळीला हलवलं. "मुळं वरवर हायत." चिंचेला तर नुसतं बघूनच, "हिचा भरवसा न्हाई." शेवटी म्हणाले, "ताईची जीपच लावा मागं. ती पक्की." दोर ताईंच्या जीपला बांधला, विंच सुरू केलं. रुतलेली गाडी जागची हलली नाही. ताईंची जीप मात्र सावकाश, अदबीनं, घसरत घसरत चिखलाकडं निघाली! चाकाला दगड लावायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं.

चिंच अजून उभी आहे.

*

आता शेवटचं. हे टपरीवर आम्ही सांगत नाही.

पावसाळा सरत आलेला. आम्ही चौघं अप्पांच्या जीपमधून फुगवट्याच्या कडेनं चाललो होतो. गाळपेराच्या, म्हणजे पाणी हटल्यावर पेरायच्या जमिनीतून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर एक पांढरी जीप रुतलेली दिसली. शेजारी एक बाई हातानं चाकापुढचा गाळ उकरत होती. पायात घरात घालायच्या चपला. मागच्या सीटवर एक लहान मुलगी, अंगात शाळेचा गणवेश. रविवार होता. मुलीच्या शेजारी शिवणयंत्राचा वरचा भाग, साडीत बांधलेला. खालचा स्टँड नाही.

आम्ही उतरलो तशी ती बाई दचकून उभी राहिली.

सलीमभाईंनी सुरू केलं. "गाडी कुनाची?"

"घरची."

"डांबरी सोडून हिकडं कावून आनली?"

ती आलेल्या वाटेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, ओढता का? लवकर ओढा. कसंबी ओढा."

"कसंबी ओढत नसतेत," सलीमभाई म्हणाले. "घरचे कुठं हायत?"

मनीषाताई मध्ये आल्या. त्यांनी तिला बाजूला नेलं, पाणी दिलं. ती बाटली उजव्या हातानंच घेत होती, झाकणही दातानं उघडलं. डावा हात तिनं सगळा वेळ पदराखाली ठेवला होता. ताईंनी पदर जरा बाजूला करून तो हात बघितला आणि परत झाकला. सलीमभाईंकडं बघून एवढंच म्हणाल्या, "खोरं काढा."

घाई होती म्हणून आम्ही काही सोडलं नाही. मी चाकांची हवा कमी केली. अप्पांनी आणि सलीमभाईंनी चारी चाकांपुढचा गाळ काढला. दोर चॅसिसच्या हुकाला लावला, वर जाड पोतं टाकलं, मुलीला उतरवून ताईंनी लांब नेलं. अप्पांनी जीप हळू हळू पुढं घेतली. गाळानं मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि गाडी मोकळी झाली. आम्ही तिला डांबरीपर्यंत आणून सोडलं. तिथं मी पंप लावला. हवा भरून होईपर्यंत ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. एकच हात.

"चालवता यील का, बाई?" अप्पांनी विचारलं.

"यील. भावाकडं जायचंय, तो..."

"सांगू नका," ताई म्हणाल्या. "आम्हाला माहीत नसलेलंच बरं."

तिनं मान हलवली. गाडी उजवीकडं वळली, धारूरच्या दिशेनं. मागच्या काचेतून ती मुलगी दिसेनाशी होईपर्यंत आमच्याकडं बघत होती.

आम्ही माघारी खड्ड्यापाशी येऊन दोर गुंडाळत होतो तेव्हा कच्च्या वाटेनं दोन मोटारसायकली आल्या. पुढच्या गाडीवरचा माणूस उतरला. इस्त्रीचे कपडे, बोलणं मधासारखं.

"नमस्कार, दादा. आमची पांढरी जीप दिसली का हितं? मंडळी घेऊन गेल्यात. चालवायचा सराव न्हाई त्यांना, म्हणून काळजी वाटायली."

सलीमभाई दोराची गुंडाळी घालत राहिले.

तो माणूस चिखलातल्या खड्ड्यापाशी गेला, वाकून बघितलं. "रुतली होती का? नवी गाडी हाय हो. खालून कुठं लागलं का? बंपर-बिंपर घासला?"

"न्हाई," मी म्हणालो. "गाडीला कायी झालं न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच त्याला बरं वाटलेलं दिसलं. "कुणीकडं गेली?"

ताई माझ्याकडं बघायला लागल्या. मी सलीमभाईंकडं. आणि विश्वनाथअप्पा दोन पावलं पुढं आले. आख्ख्या धारूरात ज्यांचा शब्द म्हणजे तराजू, ते अप्पा! त्यांनी हात वर केला.

"माजलगावकडं गेली. जोरात गेली. निघा लवकर, गाठ पडंल."

तो हात जोडून आभार मानून गेला. दोन्ही मोटारसायकली डावीकडं वळल्या. आवाज लांब जाईपर्यंत अप्पा तसेच उभे होते. हात खाली घ्यायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

सलीमभाई डांबरीवर आले. त्या जीपच्या चाकांचा ओला गाळ रस्त्यावर उमटला होता. उजवीकडं वळलेले दोन स्पष्ट पट्टे, धारूरच्या दिशेनं पार लांबपर्यंत. त्यांनी अप्पांच्या गाडीतून खोरं काढलं आणि वाकून तो गाळ खरवडायला लागले. जरा वेळानं मान वर केली.

"चष्मेवाले, बगत काय उभं राहिलाव? माघारी येतील ते. घ्या की दुसरं खोरं!"